शेतावर गेलेला हॉबो

"हॉबोची मालकीण तूच ना?" म्हातारीनं विचारलं, आणि मार्लिसच्या हातातली कॉफी ओठांपाशीच थांबली.

चर्चच्या तळघरात तिच्या वडिलांच्या दफनानंतरचं जेवण चाललं होतं. हॅमची सँडविचेस, बटाट्याचं सॅलड, शेजारणींनी घरून भाजून आणलेले नूडल्सचे ट्रे. लोक एकेक करून येत होते, ऑर्व्हिल किती सरळ माणूस होता ते सांगत होते, आणि मार्लिस मान डोलावत होती. तुम्हाला काय माहीत, असं मनात म्हणत होती. ती नऊ वर्षांची असताना या सरळ माणसानं तिचा कुत्रा मारला होता आणि वर तिच्या तोंडावर खोटं बोलला होता. त्यानंतर ती वडिलांशी कामापुरतंच बोलली. मोठी झाल्यावर मिनियापोलिसला निघून गेली आणि नाताळला कार्ड पाठवत राहिली. तिनं पुन्हा कधी कुत्रा पाळला नाही.

हॉबो तांबूस रंगाचा होता आणि त्याचा एक कान कायम पडलेला असायचा. सकाळी तिच्या शाळेच्या बसमागं तो वळणापर्यंत धावायचा. तिचा लोकरीचा हातमोजा तोंडात धरून झोपायचा, आणि तो धुवायला टाकला की घरभर कुंईकुंई करत फिरायचा. मोठा भाऊ कर्टिस त्याला स्वतःच्या ताटातलं मांस द्यायचा, शिट्ट्या मारून मारून दमायचा. हॉबो मांस खायचा आणि येऊन मार्लिसच्या पायाशी बसायचा.

आई नव्हतीच. मग वडिलांची कागद कारखान्यातली नोकरी सुटली आणि तिघांना गावात माडीवर भाड्यानं राहावं लागलं. घरमालकाला कुत्रा चालत नव्हता. एक दिवस मार्लिस शाळेतून आली तर हॉबो नाही.

"शेतावर सोडलाय त्याला, माझ्या दोस्ताच्या, अर्लच्या," वडील म्हणाले. "तिथं मोकळा राहील."

त्या मुलखात कुत्रा मेला असं पोरांना कुणी सांगत नाही. शेतावर गेला असं सांगतात. मार्लिसला हे ठाऊक नव्हतं. कर्टिस बारा वर्षांचा होता, त्यानं तिला शहाणं केलं.

"अगं वेडे, लुंडग्रेनांचा कुत्रापण शेतावरच गेला होता. गॅरेजमागं खड्डा मी बघितलाय. सगळ्यांचे कुत्रे खरंच शेतावर गेले असते तर मका लावायला जागा उरली असती का?"

रविवारी वडील म्हणाले, "चल, हॉबोला भेटून येऊ." ती हलली नाही. तिथं गेलं की कालच पळून गेला म्हणतात, हेही कर्टिसनं सांगून ठेवलं होतं. तूच जा आणि बघून ये, असं तिनं त्याला विनवलं. दोघे परत आल्यावर वडील म्हणाले, "तुझी वाट बघतोय गं तो." तिनं कर्टिसकडं पाहिलं. वडिलांच्या पाठीमागं उभा राहून कर्टिसनं नाही म्हणून मान हलवली. तेव्हा ती वडिलांना खोटारडे म्हणाली, खुनी म्हणाली, आणि खोलीचं दार लावून घेतलं. पुढं कितीतरी रविवार ते दोघे गाडी काढून जात राहिले. मासे धरायला जातो, असं कर्टिस तिला सांगायचा. हळूहळू वडिलांनी तिला विचारणं सोडून दिलं.

"मी अर्लची बायको, व्हर्ना," म्हातारी आधाराचा वॉकर बाजूला सारून खुर्चीत टेकली. "तुझा हॉबो आमच्याकडं होता. फार गुणी. कोंबड्यांना कधी तोंड लावलं नाही त्यानं."

"तो जिवंत होता?"

"अगं पोरी, तू कॉलेजात जाईपर्यंत होता की. मी एकदा तुझ्या वडिलांना विचारलं, लेक का येत नाही हो? तर म्हणाले, रागावलीय माझ्यावर, तिच्या जागी मीही रागावलो असतो. शेवटी हॉबो तुझ्या भावाच्या मांडीवर डोकं ठेवून गेला बघ. त्यानंच आमच्या गोठ्यामागं पुरला. केवढा रडला होता तुझा भाऊ."

मार्लिसनं कप खाली ठेवला. वर चर्चमागच्या आवारात वडिलांच्या अंगावरची माती अजून ओली होती. त्यांची माफी मागायची सोय उरली नव्हती. आयुष्यभर त्या माणसानं तिचा राग गुपचूप सोसला होता, आणि तिला दुरून कार्डं पाठवण्यात धन्यता वाटली होती.  मग तिला संताप आला.

कर्टिस पलीकडच्या टेबलाशी उभा राहून केकचे तुकडे करत होता. टक्कल पडलेला, नातवंडांचा आजा झालेला कर्टिस. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तू मान हलवली होतीस."

कधी, असं त्यानं विचारलं नाही. त्यानं व्हर्नाकडं पाहिलं आणि सुरी ठेवून दिली.

"मी डॅडला खुनी म्हणाले, कर्टिस. तू तिथंच उभा होतास. तू रोज माझ्या शेजारी बसून जेवत होतास."

"दोन-चार रविवारांनी सांगणार होतो."

"मग?"



"पहिलं वर्षभर गाडी थांबली की हॉबो तुझ्या बाजूच्या दाराशी जाऊन बसायचा," कर्टिस म्हणाला. "आत कुणी नाही हे दार उघडून दाखवावं लागायचं. मग एका रविवारी तो सरळ माझ्याकडं आला."