एवढीशी चीर

"मॅडम, तुमची काहीतरी गफलत होतेय," जनार्दन घैसास म्हणाले. "भेगा समोरच्या इमारतीला पडल्यात. आमचा रंगसुद्धा उडालेला नाही, आणि घर आम्ही सोडायचं?"

भूकंपानंतर तपासणीला आलेल्या इंजिनिअर इंद्रायणीने त्यांना पार्किंगमध्ये नेलं. एका खांबाच्या माथ्याशी पेन्सिल शिरेल एवढी तिरकी चीर होती. "काका, भिंती फुटल्या तरी इमारत उभी राहते. खांब गेला की सगळं गेलं."

घैसासांना ते पटेना. पण बाकीचे सगळे निघाले, म्हणून तेही बायकोबरोबर समोरच्या इमारतीतल्या बिल्किसभाभींकडे गेले. तिथे हॉलच्या फुटक्या भिंतीतून थेट स्वयंपाकघर दिसत होतं. घैसास दाराशीच थबकले.

भाभी चहा गाळत असतानाच जमीन पुन्हा हलली. भिंतीतल्या चार विटा निसटल्या, घर मात्र जागेवर राहिलं. बाहेर प्रचंड आवाज झाला. धूळ बसली तेव्हा घैसासांच्या रिकाम्या इमारतीचं पार्किंग दिसेनासं झालं होतं. पहिला मजला जमिनीला टेकला होता.

घैसास धावत खाली आले. रस्त्यावर उभ्या असलेल्या इंद्रायणीचे आभार मानायचे होते त्यांना. पण तिच्यासमोर हात जोडून ते विचारून बसले, "तुम्ही म्हणालात, म्हणून पडली का हो ती?"