पहिली फळी

तात्यांची उजव्या हाताची दोन बोटं वखारीतल्या करवतीनं नेली, त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून ते वखारीची पायरी चढले नव्हते. आणि आज लेकीनं अंगणातच करवत उभी केली होती. त्यांच्या जुन्या स्कूटरच्या दोन चाकांवर पातं ताणलेलं, खाली लोखंडी रूळ, मधे फणसाचा ओंडका.

"सुगंधे, ओंडका पुढं ढकलणार कोण?" तात्यांचा आवाज चढला.

"कोणीच नाही. तो जागचा हलत नाही, करवतच रुळांवरून येते. पात्याजवळ हात न्यावाच लागत नाही."

तात्यांनी वाकून यंत्राभोवती सावकाश फेरी मारली.

"वखारीत कुणाला कसं सुचलं नाही गं हे?"

तिनं इंजिन सुरू केलं. करवत ढकलायला ती पुढं झाली, तर तात्यांनी तिला बाजूला सारलं आणि आठ बोटांनी दांडा घट्ट धरला.