टाकाऊ सूत

विमलबाईनं उधन्याच्या मिलमधून आणलेलं टाकाऊ सूत होड्या बांधणाऱ्या नवऱ्यानं नव्या होडीच्या फटींत ठोकून बसवलं होतं. आज मिलमध्ये काम करताना मुकादम तिला सहज बोलून गेला, “त्या गोणीत पॉलिस्टरही होतं हं, बाई.” कापूस पाण्यात फुगून फट गच्च धरतो; पॉलिस्टर काही फुगत नाही, आणि उद्या त्या होडीतून चार माणसं समुद्रात जाणार होती. रिक्षा करून ती तापीकाठी पोचली. “अहो, डांबर लावू नका!” फटीतलं सूत उपसून तिनं काडी ओढली. वितळून गाठ झाली तर पॉलिस्टर, राख झाली तर कापूस. सूत जळलं आणि बोटांत भुरभुरलं. “अगं, बसवण्याआधी प्रत्येक लडीचा धागा जाळून बघितला मी,” नवरा हसला, “तूच नाही का शिकवलंस?” विमलबाईनं चिमटीतली राख अंगाऱ्यासारखी होडीच्या कपाळाला लावली.