मास्तरांची वाटी

“मला भूक नाही म्हणून सांग सगळ्यांना,” मास्तर खोलीतूनच म्हणाले.

“काही सांगणार नाही. गोगलगायी करतेय आणि तुम्हाला म्हणे भूक नाही! शेंबडं पोर तरी विश्वास ठेवेल का?” मास्तरीणबाई दारातूनच फणकारल्या आणि स्वयंपाकघराकडे पळाल्या.

भूक तर मास्तरांना सपाटून लागली होती. पण महिन्यापूर्वी एका सकाळी त्यांचा अर्धा चेहरा लुळा पडला. नस सुजलीय, हळूहळू येईल जागेवर, असं डॉक्टर म्हणाले. तोवर काय? जन्मभर शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकलेल्या माणसाला आता चहावर साधी फुंकरही घालता येईना. घोट घेतला की ओठाच्या कोपऱ्यातून ओघळ. तेव्हापासून ते खोलीत, भिंतीकडे तोंड करून एकटेच जेवत.

आणि आज नेमक्या गोगलगायी! शंख ओठांना लावायचा आणि आतलं मांस ओढून घ्यायचं. त्यात मास्तरांचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. त्यांचा सुर्रर् असा आवाज निघाला की बाई दर वेळी ओरडायच्या, “अहो, हळू! शेजारी गोळा होतील!” आता सुनेसमोर तोंडातून तेल गाळत बसायचं? त्यापेक्षा उपास बरा.

बाईंचं काम मात्र नेहमीसारखं चोख चाललं होतं. तळ्यातल्या गोगलगायी दोन दिवस पाण्यात ठेवून, पाणी बदलून बदलून त्यांनी चिखल काढला होता. मेलेल्या, वास मारणाऱ्या वेचून फेकल्या होत्या. शंख ब्रशने घासले होते. मग खळखळत्या पाण्यात पूर्ण शिजेपर्यंत उकडून ते पाणी ओतून दिलं होतं. “कच्ची राहिली तर पोटात किडे जातील, घाई करायची नाही,” हे त्यांनी सुनेला इतक्यांदा ऐकवलं की तिला पाठ झालं. राहिलं होतं ते पक्कडीने शंखांची मागची टोकं छाटणं. तेवढं केलं नाही, तर कितीही ओढा, आतलं मांस जागचं हलत नाही. सून पक्कड घ्यायला गेली, तर बाईंनी तिला बाहेर पिटाळलं. “ते माझं मी बघते.” मग लसूण-मिरचीचा असा ठसका उठला की सगळं घर खोकू लागलं.

शेवटी नातीने आजोबांना बोट धरून ओढतच आणलं. मास्तर टेबलाच्या टोकाला, तोंडाशी रुमाल धरून बसले. बाईंनी प्रत्येकापुढे एकेक वाटी ठेवली.

मुलाने शंख ओठांना लावला. ओढला. काहीच नाही. सुनेचे गाल आत गेले, डोळे बाहेर आले. काहीच नाही. नात लालबुंद झाली. “आजी, येतच नाहीये!”

बाईंनी कपाळावर हात मारला. “अगंबाई! टोकं छाटायची राहिलीच की!”

“चाळीस वर्षांत पहिल्यांदा!” मास्तर खदखदून हसले. “आणि म्हणे मला शिस्त लावते!” हसताना त्यांचं तोंड वाकडं झालं. पण तिकडे बघायला फुरसत कोणाला होती? ओढून ओढून सगळ्यांचीच तोंडं त्याहून वाकडी झाली होती.

बाईंनी टाचण्या वाटल्या. सगळे टोचून टोचून खाऊ लागले. सगळ्यांच्याच हनुवट्यांवरून तेल ओघळलं. मास्तरांनी रुमाल केव्हाच खाली ठेवला होता. नातीला चिडवत, बाईंच्या विसरभोळेपणावर तोंडसुख घेत ते पोटभर जेवले.

बाकीचे हात धुवायला उठले. मास्तरांनी वाटीतला शेवटचा शंख उचलला, तर मागच्या बाजूने तेलाचा थेंब त्यांच्या बोटावर पडला. त्यांनी शंख उलटा करून बघितला. टोक छाटलेलं होतं. त्यांनी आपल्या वाटीतले रिकामे शंख चाचपले. सगळे छाटलेले. मुलाची वाटी ओढून बघितली. एकही छाटलेला नाही.

बाई पाठमोऱ्या कढई घासत होत्या. मास्तरांनी शंख ओठांना लावला, लुळा कोपरा बोटाने दाबून धरला आणि जीव एकवटून ओढलं.

सुर्र. बारीकसा, फाटका.

कढई घासणारा हात थांबला.

“अहो, हळू,” बाई म्हणाल्या. “शेजारी गोळा होतील.”