फुटणाऱ्या रेषा

"जोर लावू नकोस! बोर्ड तडकला तर माझी सगळी घरं जातील."

बाबांची घरं म्हणजे त्यांनी काढलेले इमारतींचे नकाशे. जन्मभराचं काम त्या एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये होतं. दुसरीकडे प्रत ठेवा म्हटलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

ठमी टेबलाखाली गुडघ्यांवर बसली होती. सीपीयूचं झाकण उघडं होतं आणि आत धुळीचे बोळे साचले होते. स्क्रीनवर चित्र उमटवणारं जुनं ग्राफिक्स कार्ड खाचेत घट्ट रुतलं होतं. खाचेच्या टोकाला असलेली चिमुकली कळ दाबल्याशिवाय ते सुटणार नव्हतं, आणि कळीपर्यंत बोट काही पोचत नव्हतं. कंपनीतून तयार होऊन आलेलं मशीन ते. पुन्हा कुणी आत हातच घालू नये अशी शपथ घेऊन बनवलेलं.

पण कार्ड बदलणं भागच होतं. मागच्या खेपेला बाबांच्या नकाशात स्वयंपाकघराचं दार थेट खांबात उघडलं. त्याच्या आधी जिन्याला एक पायरी कमी पडली. "आज संध्याकाळपर्यंत हा एक नकाशा द्या," इंजिनियरसाहेब फोनवर म्हणाले होते. "यातही चूक निघाली तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." बाबा सगळ्यांना एकच सांगत होते, रेषा फुटतात, मशीन म्हातारं झालंय. काम गेलं तर हा माणूस घरात बसून करणार काय? ठमीने ऑफिसला दांडी मारली आणि नवं कार्ड घेऊन आली.

तिने पेन्सिलीच्या टोकाने कळ दाबली. कट्! बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. पण सुटलं होतं ते जुनं कार्ड. बोर्ड शाबूत होता.

"बाबा, या खोक्यावर काय लिहिलंय? कार्डाला वेगळी वायर लागते का बघा."

बाबांनी खोकं उलटंसुलटं केलं. "एवढ्या बारीक अक्षरात छापतात कशाला? तूच वाच. माझा चष्मा आत राहिलाय."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. ठमीला हसू आलं. तिने खोकं घेऊन वाचलं. वेगळी वायर लागत नव्हती.

आई चहा घेऊन आली. तिने कप बाबांच्या हातात दिला आणि त्यांची बोटं कपाच्या कानात नीट बसेपर्यंत धरून राहिली.

"टेबलावर ठेव ना, आई."

"सांडतो," आई म्हणाली, आणि दाराशीच उभी राहिली.

नवं कार्ड आधी आत जाईना. एक जाड वायर आडवी येत होती. ती बाजूला सारून ठमीने कार्ड हलकेच दाबलं आणि ते बसलं. स्क्रू मात्र बाबांनी हट्टाने स्वतः लावला. बोटाने भोक चाचपून, नजर भलतीकडेच ठेवून. "हाताला सवय आहे," ते ऐटीत म्हणाले.

आता राहिली स्क्रीनची केबल. सकाळी ठमीने ती काढली तेव्हा स्क्रीन नुसती निळी पडली होती आणि 'सिग्नल नाही' अशी पांढरी चौकट तिच्यावर इकडून तिकडे फिरत होती. एरवी कॉम्प्युटर सुरू झाला की तिथे ठमीचा लहानपणीचा फोटो यायचा, पुढचे दात पडलेला. बाबांनी तो कधी बदलू दिला नाही.

केबल घेऊन ती सीपीयूच्या मागे सरकली. अंधारात जागा सापडेना. इकडे बाबांना दम निघेना.

"करू का चालू?"

"थांबा हं, अजून…"

बाबांनी भिंतीवरचं बटण दाबलंसुद्धा. मग सीपीयूचं. आतला पंखा घुरघुरला. ठमीने डोळे गच्च मिटून घेतले. आता जळका वास येणार, मग धूर, मग सगळी घरं खलास. ती वाट बघत राहिली. वास आला नाही. पंखा शांतपणे फिरत राहिला, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"आलं! आलं, ठमे!" वरून बाबांचा आवाज आला. "अगं, काय लख्ख दिसतंय! तुझे पडलेले दातसुद्धा मोजता येतील. मी म्हणत नव्हतो, दोष मशीनचाच आहे?"

ठमीला इतका आनंद झाला की टाळीच वाजवावीशी वाटली. टेबलाखालून तिला आईची पावलं दिसत होती. ती दारातून हललेली नव्हती.

टाळीसाठी ठमीने हात उचलले. स्क्रीनची केबल अजून तिच्याच हातात होती.