पांडवांपुढचे फासे

शिवकांताबाईंनी पहिल्या फाशाला हळदीचं बोट लावलं आणि त्यांची सून पुनम पुढं सरसावली, ती तिथंच थांबली. ओरडावं तर पूजा चाललेली. गप्प बसावं तर एवढ्या दिवसांची मेहनत डोळ्यांदेखत पिवळी होत चाललेली. सासूबाईंनी दुसरा फासा उचलला. मग तिसरा.

चूक पुनमचीच होती. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतपूजेच्या दिवशी, भर शेतात, कडब्याच्या झोपडीवजा कोपीत, चुना लावलेल्या दगडांच्या पाच पांडवांसमोर फासे मांडायला तिला कुणी सांगितलं होतं? पण बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला शेतातला फोटो हवा होता आणि संचाचं नावच तिनं ‘येळवस’ ठेवलं होतं. तिनं स्वतः घरी ओतलेले, काचेसारख्या रेझिनचे सात फासे. कुणी चार बाजूंचा, कुणी वीस बाजूंचा. एकाच्या पोटात ज्वारीचे दाणे, एकात करडईच्या पाकळ्या, एकात हरभऱ्याचा पाला, आणि सगळ्यात मोठ्यात चिमूटभर काळी माती. तिकडं शहरात माणसं टेबलाभोवती जमतात. कुणी राजा होतो, कुणी चोर. सगळे मिळून एक गोष्ट रचतात आणि चोरानं भिंतीवरून उडी मारली की पाय मोडून घेतला, ते फासा ठरवतो. पैसे लावायचा प्रश्नच नाही.

हे सगळं तिनं सासऱ्यांना समजावून सांगितलं होतं. गुंडप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "फाशापायी पांडवांनी राज्य घालवलं, बायको घालवली. पुन्हा माझ्या नजरंला पडले, तर हिरीत टाकीन." गुंडप्पा बोलले ते करतातच, हे औशाच्या बाजारातसुद्धा सगळ्यांना ठाऊक होतं. पुनमचा नवरा अमरेश पूर्णपणे बायकोच्या बाजूनं होता. म्हणूनच तो आत्ता हरभरा खुडायला बांधापलीकडं गेला होता.

गुंडप्पा शेताभोवती आंबील शिंपडायला गेले, तेवढ्यात दोन फोटो काढायचे आणि फासे परत पिशवीत टाकायचे, असा पुनमचा बेत होता. आता ‘ओलगेऽ ओलगेऽ’ असा येळवशीचा पुकारा करत त्यांचा आवाज वळसा घालून कोपीकडं येत होता आणि सासूबाई सावकाश चौथ्या फाशाला कुंकू लावत होत्या.

पुनमला त्यांचा रागही येईना. बाई भोळी. घरात नवा मिक्सर आला तरी आधी त्याला हळदीकुंकू, मग चटणी. त्यांना काय माहीत फासे म्हणजे काय?

"आत्या, उचलू द्या की मला. मामा यायलेत."

"पूजेतून उचलतेत व्हय? बस खाली. डोक्यावर पदर घे."

गुंडप्पा कोपीच्या तोंडाशी आले, वाकले आणि त्यांना सात फासे दिसले. चेहरा लाल झाला. आंबिलीचं गाडगं खाली ठेवून त्यांनी हात पुढं केला. पुनमनं डोळे मिटून घेतले. विहीर कोपीपासून हाकेच्या अंतरावर होती.

काहीच झालं नाही. तिनं डोळे उघडले, तर सासऱ्यांचा हात हवेतच थांबलेला. फाशांवर हळद होती, कुंकू होतं, वर विभूतीची बोटं ओढलेली होती आणि शेजारी उदबत्ती जळत होती.

"ह्येंची पूजा कुणी केली?"

"म्या केली," शिवकांताबाई म्हणाल्या. "आपल्या रानातलं पीक हाय त्यात, आपली माती हाय. येळवशीला मातीची पूजा करायची न्हाई, तर कवा करायची?"

"अगं, पर ही ते इकायलीय!"

"गणपती बी आपण इकतच आणताव की. मूर्तीवाल्याला कुणी हिरीत टाकतंय का?"

गुंडप्पांनी पांडवांकडं बघितलं. पांडवांनीही काही मदत केली नाही. शेवटी त्यांनी फाशांना हात जोडले आणि शेजाऱ्यांना जेवायला बोलवायला निघाले. निघताना सुनेला बजावलं, "नीट बांधून पाठीव. वाटंत कुणाचा पाय लागला न्हाई पाहिजे."

पुनमला इतका आनंद झाला, की कोपीतच नाचावंसं वाटलं. पण भोळ्या सासूला फसवल्यासारखंही वाटत होतं. तिला काही राहवेना.

"आत्या, खरं सांगते. ते देव न्हाईत. खेळायचे फासेच हायेत."

शिवकांताबाई ओल्या फडक्यानं फासे पुसायला लागल्या होत्या. आकड्यांच्या खाचांतली हळदसुद्धा त्या नखानं अलगद काढत होत्या.

"मला म्हाईत न्हाई व्हय गं?" त्या हसून म्हणाल्या. "माझी शिलाई मशीन देव्हाऱ्याशेजारी का हाय, वाटलं तुला? लग्नाच्या साली ह्यांनी ती इकायला काढली होती. त्याच सकाळी तिला हळदीकुंकू लावलं. तवापासून ह्ये तिला हात जोडतेत, अन् मी तिच्यावर गावाची झंपरं शिवते."