कैद्यांचं जेवण

शनिवार-रविवार गाठून दोघे मित्र कारकुनाच्या शहरात आले होते. शहर बघणं हे निमित्त. सोमवारी त्याला राजीनामा द्यायला लावायचा आणि उचलून घरी न्यायचा, हा खरा बेत. नऊ वर्षं ऑफिसात मान मोडून काम करताना कारकुनाने हे शहर कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे तिघेही सारखेच पाहुणे.

जुन्या तुरुंगाच्या तिकिटावर कैद्यांचं जेवण मिळत होतं. पोचे पडलेल्या थाळीत पाणचट डाळ आणि वातड पाव. मित्रांनी फोटो काढून थाळ्या सरकवल्या. कारकुनाने पुन्हा वाढून घेतलं.

"गरम आहे रे," तो म्हणाला.

कोठडी बघून मित्रांपैकी जाड्या ओरडला, "गधड्या, तुझ्या खोलीपेक्षा मोठी आहे की! वर खिडकीसुद्धा!"

"शिक्षा किती वर्षांची असायची?" कारकुनाने गाईडला विचारलं.

"सात. मग सोडून द्यायचे."

"आणि सोडूनही कुणी गेलाच नाही तर?"

"असायचे ना तसलेही. दार सताड उघडं, तरी हे आपले आतच. मग त्यांच्याच हातात किल्ल्या द्यायचे, बाकीच्यांना कोंडायला."

मित्र पोट धरून हसले. "ऐकलंस? आता तरी शहाणा हो. सोमवारी देतोस ना राजीनामा?"

कारकुनाने खिशातली ऑफिसची किल्ली चाचपली. साहेबांनी ती शुक्रवारीच दिली होती, आणि खरं सांगायचं तर, तेव्हापासून त्याला फार बरं वाटत होतं.